रात्री कुठं झोपतो?

माझ्या दवाखान्यातल्या केसपेपरावर जनावराचं नाव, वय, वजन, लसीकरण, जंताचं औषध असे छापील रकाने आहेत. त्यांच्या वर जी बोटभर कोरी जागा राहते, तिथं मी गेली कित्येक वर्षं पेनानं एकच ओळ लिहीत आलेय : रात्री कुठं झोपतो? कुत्रं टेबलावर घ्यायच्या आधी हा प्रश्न. पुण्याहून इथल्या फार्महाउसवर राहायला आलेली माणसं गोंधळतात. ताप बघायचा सोडून डॉक्टर हे काय विचारतायत, असं त्यांच्या चेहऱ्यावर दिसतं. वारूळवाडीचा, खोडदचा, हिवऱ्याचा माणूस मात्र गोंधळत नाही. तो उत्तर देताना आवाज जरा खाली आणतो. ‘ओट्यावर.’ ‘गोठ्याम्होरं, साखळीला.’ ‘मोकळाच असतोय, वस्ती राखतो.’ ही ओळ छापून घेणं काही अवघड नव्हतं. पण हातानं लिहिताना मी समोरच्या माणसाकडे बघते, आणि तेवढा वेळ त्यालाही थांबावं लागतं.

शिरवळच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयातून शिकून मी नारायणगावला दवाखाना टाकला, तेव्हा कुत्रा नीट सांभाळणं म्हणजे काय याची माझी यादी तयार होती. पिल्लू तीन महिन्यांचं झालं की रेबीजची लस, पुढं दरवर्षी एकदा; पार्वो आणि डिस्टेंपरची लस; जंताची गोळी; स्वच्छ पाणी; पोटाला पुरेसं. ही यादी आजही खरी आहे, त्यातलं एक कलमसुद्धा मी गाळणार नाही. फक्त ती उसाच्या रानात बसून लिहिलेली नव्हती.

येडगाव, माणिकडोह, वडज, पिंपळगाव जोगे आणि डिंभे ही कुकडी प्रकल्पाची पाच धरणं. त्यांच्या पाण्यानं जुन्नर-आंबेगावचं जिरायती रान बागायती झालं. द्राक्षं आली, टोमॅटो आला आणि मैलोन्‌मैल ऊस आला. आडसाली ऊस सोळा-अठरा महिने उभा राहतो. आत गारवा, कडेला पाटाचं पाणी, आणि माणूस त्यात शिरतो तो थेट तोडणीलाच. बिबट्याच्या मादीला पिल्लं घालायला याहून चांगली जागा कोणती? आज आमच्याकडचे कितीतरी बिबटे उसातच जन्मलेले आहेत, जंगल त्यांनी पाहिलेलंही नाही. आमची माणसं त्यांना वाघच म्हणतात. ‘काल वाघ दिसला’ हे वाक्य इथं ‘काल पाहुणे आले होते’ इतक्या सहज बोललं जातं.

हा वाघ खातो काय, याचा शोध विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शेजारच्या अकोले तालुक्यात घेतला. बिबट्याची विष्ठा गोळा करून त्यातले केस तपासले. वजनाच्या हिशेबानं बिबट्याच्या अन्नाचा 87 टक्के भाग पाळीव जनावरांचा निघाला, आणि एकट्या कुत्र्यांचा 39 टक्के. शेळ्यांचा फक्त 11. त्या भागात शेळ्या कुत्र्यांच्या सातपट होत्या, तरीही. कारण सरळ आहे. शेळी तिन्हीसांजेला आत जाते, दार लागतं. कुत्रं बाहेर राहतं. हे आकडे पहिल्यांदा वाचले तेव्हा मी बराच वेळ कागदाकडे नुसती बघत बसले. आमच्या घरी जे घडलं होतं, ते सगळं त्या दोन आकड्यांच्या मधे होतं.

आमची वस्ती खोडदच्या अंगाला. ओट्यावर उभं राहिलं की रेडिओ दुर्बिणीच्या त्या अवाढव्य जाळीदार थाळ्या दिसतात. आमच्या कुत्र्याचं नाव वाघ्या. आमच्याकडे दर तिसऱ्या वस्तीवर एक वाघ्या असतो. वडजचा आणि धामणखेलचा खंडोबा इथल्या घराघरातला, आणि कुत्रं म्हणजे खंडोबाच्या दारातलं. चंपाषष्ठीला आई नैवेद्यातला घास आधी त्याच्यापुढं ठेवायची. आमचा वाघ्या तांबूस, कानाला काळा, गावठी जातीचा. त्याच्या सगळ्या लशी मी स्वतः टोचलेल्या होत्या. आबा रोज रात्री जेवून झाल्यावर त्याला गोठ्याच्या कोपऱ्यातल्या खांबाला साखळीनं बांधायचे. का बांधायचे? तो रात्री भटकू नये, कुणाच्या कोंबड्या धरू नये, रस्त्यावर गाडीखाली जाऊ नये म्हणून. म्हणजे काळजीपोटीच.

पौषातली पहाट होती. आईनं हाक मारली ती नेहमीच्या आवाजात नव्हती. खांबाला साखळी तशीच होती, कडी शाबूत, आणि तिच्या टोकाला तुटलेला पट्टा. पट्ट्याला केस चिकटलेले. कांद्याच्या वाफ्यातून उसापर्यंत ओढत नेल्याची रेघ गेली होती. रात्री कुणीच काही ऐकलं नव्हतं. आई एवढंच म्हणाली की झोपताना वाघ्या दाराशी येऊन कण्हत होता, भुंकत नव्हता. आणि मग मला आठवलं, लहानपणापासून हे मी ऐकत आले होते : कुत्रं भुंकतंय तोवर ठीक, गप्प होऊन दाराला अंग घासायला लागलं की वाघ जवळ आहे असं समजायचं. वाघ्यानं सांगितलं होतं. आम्ही त्याला दारापासून उचलून खांबाला नेऊन बांधलं होतं.

बिबट्यापुढं कुत्र्याकडे दोनच उपाय असतात, पळणं आणि आत शिरणं. दोन्ही आम्ही काढून घेतले होते, आणि ते प्रेमानं केलं होतं. मी शिकलेली डॉक्टर, रोज दहा जणांना लशीचं महत्त्व सांगणारी, आणि स्वतःच्या घरातल्या जनावराची रात्र मी कधी डोळे उघडून पाहिलीच नव्हती. आबांनी ती साखळी पुढं विहिरीवरच्या मोटारीच्या पेटीला लावली. अजून तिथंच आहे. केसपेपरावरची ओळ मी त्याच आठवड्यापासून लिहायला लागले.

शेळी गेली, मेंढरू गेलं, गाय गेली, तर वनखात्याकडून पंचनामा होतो, भरपाई मिळते. कुत्र्याचा पंचनामा नसतो. त्यामुळे किती कुत्री जातात याची कुठं नोंद राहत नाही, आणि नोंद नाही म्हणून कुणाला त्याचं फारसं काही वाटतही नाही. ‘नेलं वाघानं’ म्हणायचं आणि पुढच्या आठवड्यात दुसरं पिल्लू आणायचं. मी याच्या विरोधात आहे आणि ते मी तोंडावर सांगते. एकाच खांबाला तीन वर्षांत चार कुत्री बांधणारा माणूस कुत्रा पाळत नाही, तो वाघाला जेवायला वाढतो. अशा वस्तीवर यायची वाघाला सवय लागते. आज कुत्र्यासाठी येणाऱ्या वाघासमोर उद्या अंधारात परसाकडं गेलेलं पोर आलं, तर काय होईल हे आमच्या तालुक्यांना सांगावं लागत नाही.

जी कुत्री सुटतात ती माझ्याकडे येतात. बिबट्याचा दात लागलेली मान वरून पाहिली तर विशेष काही दिसत नाही. दोन-चार भोकं, थोडं रक्त. मालक म्हणतो, ‘डॉक्टरताई, टाका घालून द्या, लई नाही लागलं.’ मी बोट फिरवते तेव्हा कातडीखाली पापड मोडल्यासारखं कुरकुरतं. म्हणजे श्वासनळीला भोक पडून हवा आत शिरलीय. बिबट्याचा सुळा वरून लहान भोक पाडतो, पण आतला स्नायू झटक्यानं फाटलेला असतो आणि त्यात घाण खोलवर गेलेली असते. वरून टाके घालून बंद केलं तर तिसऱ्या दिवशी आत पू होतो. म्हणून जखम धुऊन धुऊन मोकळी ठेवायची, पू बाहेर यायला वाट ठेवायची, प्रतिजैविकं द्यायची आणि रेबीजची लस पुन्हा सुरू करायची. ज्यानं चावा घेतला त्या रानटी जनावराला काय होतं ते आपल्याला कळायला मार्ग नसतो. पंधरा-वीस दिवस रोज यावं लागतं. येणारे येतात. हिवऱ्याचे एक म्हातारे बाबा आपल्या कुत्रीला सायकलच्या कॅरिअरवर पाटी बांधून एकवीस दिवस आणत होते. बरी झाली ती. त्यानंतर ती घरात, त्यांच्या खाटेखाली झोपते.

खिळ्यांचा पट्टा आमच्याकडे जुना आहे. मेंढपाळ धनगरांच्या कुत्र्यांच्या गळ्यात तो असतोच. बिबट्या नरडं धरतो, तिथं खिळे टोचले की सोडतो, हा त्यामागचा अनुभव. माझ्यासमोर अशी वाचलेली कुत्री आलेली आहेत, त्यामुळे पट्ट्याला मी नाही म्हणत नाही. पण पट्टा बांधला म्हणजे झालं, असं समजून पुन्हा खांबाला बांधणारे लोक पाहिले की माझा जीव तुटतो. नरडं नाही तर पाठ आहेच.

खरा उपाय दाराचा. ज्याच्याकडे बंद गोठा आहे त्यानं कुत्रं गुरांबरोबर आत घ्यावं. नसेल त्यानं लोखंडी अँगल आणि वेल्डमेशचा पिंजरा करावा, चारही बाजूंनी आणि वरूनसुद्धा. वरचं बाकी सगळे विसरतात, आणि बिबट्या चढतो. जाळीचं भोक पंजा शिरणार नाही एवढं बारीक. खाली फरशी किंवा कोबा. कुत्रं कडेला चिकटून झोपू नये म्हणून मध्ये फळी. एवढा खर्च जमत नसेल तर विटांच्या चार भिंती आणि घट्ट बसणारं पत्र्याचं झाकण. हे मी इतक्या वेळा सांगितलंय, की नारायणगावचे दोन वेल्डर आता मला न विचारता माप सांगतात. लोक विचारतात, ‘मग राखण कोण करणार?’ अहो, राखण भुंकण्यात आहे. आतून भुंकलेलंही ऐकू येतं. आणि मेलेलं कुत्रं भुंकत नाही.

राखणीवरून 2023 चा जुलै आठवतो. त्या महिन्यात नारायणगावच्या टोमॅटो बाजारात वीस किलोच्या क्रेटला दोन हजारांच्या वर भाव गेला. ज्यांनी वर्षानुवर्षं रस्त्यावर टोमॅटो ओतून दिला होता, त्यांच्या प्लॉटवर रात्री बॅटऱ्या फिरू लागल्या. चोऱ्या व्हायला लागल्या होत्या. आणि मग माझ्याकडे कुत्र्यांची रीघ लागली. जर्मन शेफर्ड, डॉबरमन, रॉटवायलर. दोन-दोन, तीन-तीन महिन्यांची पिल्लं, कुणी पुण्याहून आणलेली, कुणी नाशिकहून. ‘ताई, लवकर मोठं व्हायला काय देऊ?’ मी प्रत्येकाला सांगितलं की चार महिन्यांचं पिल्लू चोर धरत नाही. पण त्या दिवसांत ऐकायला सवड कुणाला होती? शेतकऱ्याच्या हातात कधी नव्हे ते चार पैसे आले होते, त्याचा मला मनापासून आनंद होता, आणि म्हणून मी हवं तितक्या जोरानं बोललेही नाही.

सप्टेंबर येईपर्यंत भाव कोसळला. प्लॉट उपटले गेले. तार गुंडाळून झाली, बांबू रचून झाले, आणि पिल्लं उरली. एकेकाला दिवसाकाठी अर्धा-पाऊण किलो अन्न लागायला लागलं होतं. दिवाळीआधी माझ्या दवाखान्याच्या फाटकाला बांधलेली तीन कुत्री मला सकाळी मिळाली, तीन वेगवेगळ्या दिवशी. त्यातला एक डॉबरमन. पातळ कातडीचं, आखूड केसांचं जनावर. आमच्याकडच्या थंडीत तो फाटकाशी थरथरत होता आणि तरी माझा हात चाटत होता. तिघांनाही घरं मिळवून दिली, त्याला चार महिने लागले. तेव्हापासून कुणी पिल्लू घ्यायचा सल्ला विचारला की मी जातीबद्दल काही बोलत नाही. मी विचारते, हा दहा-बारा वर्षं जगेल, तुमच्या टोमॅटोचा हंगाम किती महिन्यांचा?

गावठी कुत्र्यांचं दुखणं वेगळं आहे. नर पिल्लू सगळ्यांना हवं, मादी कुणालाच नको. वर्षातून दोनदा वेत, एका वेतात पाच-सहा पिल्लं. त्यातले नर वाटले जातात आणि मादीपिल्लं पोत्यात घालून कुठंतरी सोडली जातात. बाजाराच्या मागं, महामार्गाच्या पुलाखाली, हॉटेलांच्या मागच्या नाल्यात. जी जगतात ती तिथंच पुन्हा वितात. त्यांचं पोट भरायला आपण सोय करून ठेवलेलीच आहे. चिकनच्या दुकानांतली आतडी आणि पिसं रात्री ओढ्यात जातात. पोल्ट्रीच्या शेडवर रोज काही ना काही कोंबड्या मरतात, त्या उसाच्या बांधावर फेकल्या जातात. त्या वासानं कुत्री जमतात आणि कुत्र्यांमागं वाघ येतो. मग वस्तीवरची माणसं म्हणतात, वाघ लई माजलेत.

या साखळीवर हात ठेवायचा म्हणून मी एका शेडवाल्याकडे गेले होते. ओळखीचा माणूस, माझ्याच वयाचा. त्याला म्हटलं, शेडच्या मागं खोल खड्डा घे, कोंबड्या टाकल्या की चुना आणि माती टाकत जा, वर झाकण. तो म्हणाला, ‘ताई, मी खड्डा घेतला म्हणून शेजारचा घेणाराय का?’ त्याचा प्रश्न खरा होता. शेजारच्यानं नाही घेतला. यानं मात्र घेतला, आणि त्याच्या बांधावरची दहा-बारा कुत्री दोन महिन्यांत निम्म्यावर आली. उरलेली शेजाऱ्याकडे गेली, हेही सांगायला हवं. एकट्यानं करून होणारं हे काम नाही, पण एकट्यानं सुरू केल्याशिवाय ते होतच नाही, एवढं मला त्या खड्ड्यानं शिकवलं.

माद्यांसाठी मी एक नियम केलाय. जो माणूस मादीपिल्लू पाळायला नेईल, त्याच्याकडून तिच्या नसबंदीच्या शस्त्रक्रियेचे मी फक्त औषधाचे पैसे घेते. पहिली काही वर्षं कुणी फिरकलं नाही. आता बायकाच जास्त येतात. मांजरवाडीच्या एक मावशी म्हणाल्या, ‘माझी झाली तशी तिची पण करून टाका, सुटंल बिचारी.’ टेबलावर झोपलेल्या त्या कुत्रीच्या डोक्यावरून हात फिरवत त्या शस्त्रक्रिया संपेपर्यंत उभ्या होत्या.

आणखी एका गोष्टीबद्दल सांगितल्याशिवाय मला पुढं जाता येत नाही. पावसाळ्यात कुत्र्याच्या अंगावर गोचीड होतात. घरात फवारणीचं औषध असतंच. मग तेच, पिकावरचं, फडक्यानं कुत्र्याच्या अंगाला चोळलं जातं. तासाभरात कुत्रं लाळ गाळायला लागतं, अंग थरथरतं, बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या होतात. वेळेवर आलं तर अॅट्रोपिन देऊन वाचतं. पण त्याच कुत्र्याला तोवर घरातल्या पोरांनी कुरवाळलेलं असतं, ते गोठ्यातल्या पाण्याच्या हौदात तोंड घालून आलेलं असतं. गोचिडीवरची जनावरांची औषधं वेगळी असतात आणि तीसुद्धा वजन बघूनच द्यायची. ज्याला काहीच नको असेल त्यानं रोज संध्याकाळी कुत्र्याला जवळ घेऊन कानामागच्या, बोटांमधल्या गोचीड चिमट्यानं काढून साबणाच्या पाण्यात टाकाव्यात. पंधरा मिनिटांचं काम आहे. शिवाय त्या पंधरा मिनिटांत कुत्र्याच्या अंगावरची गाठ, जखम, ताप सगळं हाताला कळतं.

लस हीसुद्धा आता मला फक्त कुत्र्याची वाटत नाही. 2018 मध्ये गीरमध्ये सिंह दगावले, त्यांच्यात कॅनाइन डिस्टेंपरचा विषाणू सापडला. आमच्या कुत्र्यांना होतो तोच हा रोग. आमचा वाघ आमची कुत्री खातो. ज्या कुत्र्याला लस नाही, त्याचा आजार कुठवर जाईल? आणि उलटही आहेच. मोकळं सोडलेलं कुत्रं मोराची पिल्लं धरतं, ससा धरतं, माळावर लांडग्याच्या वाटेला जातं. पुण्याजवळच्या माळरानावर कुत्रा आणि लांडगा यांचा संकर झाल्याचं जनुकीय तपासणीत दिसून आलं आहे. रात्री दार लावल्यानं कुत्रं वाचतं, आणि रानही कुत्र्यापासून वाचतं.

‘वाघ धरून लांब नेऊन सोडा’ ही मागणी आमच्याकडे दर हिवाळ्यात होते. ज्याच्या घरातलं माणूस गेलंय त्याच्यासमोर मी कधी वाद घालत नाही; त्या दुःखापुढं बोलायला माझ्याकडे शब्द नाहीत. पण हा प्रयोग इथंच झालेला आहे. शेतांतून धरलेले बिबटे आसपासच्या जंगलात नेऊन सोडण्याचा कार्यक्रम 2001 नंतर राबवला गेला. त्याआधी जुन्नर भागात माणसांवरचे हल्ले वर्षाला सरासरी 4 होते. पुढच्या दोन-तीन वर्षांत ते 17 वर गेले. उचललेल्या जनावराची जागा नवं जनावर घेतं, आणि परक्या मुलखात सोडलेलं जनावर बावरलेलं, खवळलेलं असतं. माणसावर हल्ला करणारा एखादा बिबट्या धरावा लागतो आणि तो धरलाच पाहिजे. माणिकडोहच्या बिबट निवारा केंद्रात असे किती तरी बिबटे आता आयुष्यभरासाठी आहेत. पण जोवर खांबाला कुत्रं आहे तोवर पुढचा वाघ वाटेवरच असतो.

हे सगळं ठामपणे बोलणारी मी एका प्रश्नापुढं मात्र गप्प झाले.

गळीत हंगामात बीडकडून, पाथर्डीकडून ऊसतोड कामगार येतात. टायरगाड्या, बैल, चिल्लीपिल्ली आणि बरोबर त्यांची कुत्री. उसाच्या कडेला, रिकाम्या रानात त्यांच्या कोप्या पडतात. पाचट, बांबू, वरून प्लास्टिकचा कागद. दाराच्या जागी साडीचा पडदा. पहाटे तीनला नवरा-बायकोचा कोयता फडात जातो आणि पोरं कोपीत झोपलेली असतात, शेजारी कुत्रं. मी दरवर्षी त्या अड्ड्यांवर बैल बघायला जाते आणि कुत्र्यांना लस टोचते. एका वर्षी आठ कोप्यांच्या अड्ड्यावर वही उघडून बसले आणि सवयीनं विचारलं, ‘रात्री कुठं झोपतो हा?’

समोरची बाई माझ्याहून लहान असेल. कडेवर पोर, हातावर पाचटाचे ओरखडे. ती म्हणाली, ‘आम्ही कुठं झोपतो त्ये इचारा की आधी, बाई.’

मी वही मिटली. तिनं मला कोपीत नेलं. आत तीन पोरं झोपायची ती जागा दाखवली, कडेला, कागदाच्या भिंतीला लागून. कुत्रं त्या भिंतीच्या बाहेर. मधे फक्त प्लास्टिक. ज्या दाराबद्दल मी इतकी वर्षं बोलत होते, ते दार या माणसांकडे स्वतःसाठीच नव्हतं. आदल्या आठवड्यात त्यांच्याच फडात तोडताना बिबट्याची दोन पिल्लं सापडली होती. वनखात्याच्या लोकांनी ती तिथंच ठेवून रात्री आईला नेऊ दिली होती. म्हणजे मादी तिथंच होती. तिला कोपीतलं पोर नको होतं, बाहेरचं कुत्रं हवं होतं. पण कुत्र्यापासून पोर वीतभर लांब.

त्या दिवशी मी फक्त एवढंच सांगू शकले की पोरांना मधे झोपवा, कडेला भांडीकुंडी आणि पेट्या लावा. घरी येताना गाडीत माझं मलाच बरं वाटत नव्हतं. सल्ला फुकट होता आणि तितकाच किमतीचा होता. दोन दिवसांनी नारायणगावातल्या एका भंगारवाल्याकडे जुन्या पिकअपचा जाळीचा हौदा दिसला, कोंबड्या वाहायचा. वर जाळी, मागं कडीचं दार. त्या फडाच्या मालकाला फोन केला. तो म्हणाला, ‘ट्रॅक्टर पाठवतो, पैसे निम्मे माझे.’ आमच्या वेल्डरनं दोन ठिकाणी फाटलेली जाळी जोडून दिली आणि मजुरी घेतली नाही. मुकादमानं आत पाचट अंथरायला लावलं. हौदा कोप्यांपासून वीस-पंचवीस पावलांवर ठेवला, उसाच्या नाही तर रस्त्याच्या बाजूला.

राहिलेल्या लशी घेऊन मी पुढच्या आठवड्यात गेले तेव्हा दिवस मावळत होता. एक आठ-नऊ वर्षांची मुलगी भाकरीचे तुकडे आत टाकत होती आणि कुत्री एकामागून एक उडी मारून हौद्यात शिरत होती. ती मोठ्यानं मोजत होती. सातवर आली आणि थांबली. ‘काळू न्हाई.’ ती उसाकडं निघाली तशी तिची आई धावली, दंडाला धरून तिला मागं ओढलं आणि स्वतः बॅटरी घेऊन बांधापर्यंत गेली. आम्ही सगळे उभे राहिलो. बाईनं तीन हाका मारल्या. चौथ्या हाकेला पाटाच्या बाजूनं काळं कुत्रं पळत आलं, ओलं, शेपूट हलवत, आणि सरळ हौद्यात शिरलं. मुलीनं कडी घातली, ओढून पाहिली, पुन्हा ओढून पाहिली.

मी गाडीच्या बॉनेटवर केसपेपर ठेवले. पहिल्या ओळीपुढं लिहिलं : पिकअपच्या हौद्यात, कडी लावून. मालकाच्या रकान्यात काय लिहावं कळेना, म्हणून लिहिलं : आठ कोप्या. मग बर्फाच्या डब्यातून लशीच्या बाटल्या काढल्या आणि त्या मुलीला म्हटलं, ‘एकेकाला जाळीजवळ बोलाव, काळूला आधी.’